दुसरा साक्षीदार

वेणूबाई उजागरे यांना वाघोलीत कुणी वेणूबाई म्हणत नसे. सिस्टर म्हणत. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नगर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या घेतल्या. पांढरी साडी सुटली, पण चाल सुटली नाही. कोथिंबीर आणायला निघाल्या तरी वॉर्डात कुणीतरी घंटा वाजवली आहे असं वाटे.

वाघोलीची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, लहान होती. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, बाहेर एक कडुनिंब. नगर जिल्ह्यातून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी ती उभी केली होती. पुढे कारखान्यांनी माणसं कमी केली. आजूबाजूच्या शेतांत इमारती उगवल्या. उपासनेला येणाऱ्या पोरांच्या गळ्यात कंपनीची ओळखपत्रं लोंबू लागली. जुनी माणसं भेटल्यावर सलाम म्हणत. नवी पोरं प्रेज द लॉर्ड म्हणत. वेणूबाई दोघांनाही सलाम म्हणत.

वेणूबाई या मंडळीच्या वडील होत्या. म्हणजे निवडून दिलेल्या कारभाऱ्यांपैकी एक. दुसरे वडील रामदास पाटोळे. रामदास गमतीनं म्हणत, "आमच्यात वडील पण बाईच हाय. मी नुसता हाताखाली."

अशा पुष्कळ मंडळ्या मिळून एक प्रांतिक सभा होती. कुठल्या मंडळीला कोणता पाळक, म्हणजे पास्टर, द्यायचा, कुणाची बदली करायची, कुणाला कामावरून थांबवायचं, हे सगळं ती सभा ठरवी. वर्षातून एकदा शहरात अधिवेशन भरे. पाळक आणि दोन वडील, असे प्रत्येक मंडळीचे तिघे जात. सभेचे नियम मिशनरी लोकांच्या काळातले. त्यांतला एक सगळ्यांना पाठ होता. पाळकाविरुद्ध एकट्या माणसाची तक्रार ऐकली जात नाही. साक्षीदार दोन हवेत. नियम चांगल्यासाठीच केला होता. कुणी रागानं उठून पाळकाचं नाव घालवू नये म्हणून.

रेव्हरंड दिग्विजय साळवे पाळक म्हणून वाघोलीत आले तेव्हा वेणूबाईंनीच त्यांच्या घरी पहिला डबा पाठवला होता. तरुण माणूस. आवाज गोड, इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांची नावं लगेच पाठ. त्यांनी पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायला सुरुवात केली. कीबोर्ड आला. वर्षभरात बाकं पुरेनाशी झाली. शहरातल्या जुन्या मंडळ्या ओस पडत होत्या आणि वाघोलीत लोक दारात उभे राहत होते. सभेला वाघोलीचा अभिमान वाटू लागला.

मग शुक्रवारी संध्याकाळची प्रार्थनासभा सुरू झाली.

रविवारी दानासाठी फिरवायची वेताची टोपली शुक्रवारी पुढच्या मेजावर ठेवली जाई. पाळक एकच प्रश्न विचारत. "तुमचा भार कशावर आहे?" म्हणजे देवाला सोडून तुम्ही कशाच्या आधारानं जगता. ज्याला उत्तर सापडेल त्यानं उठावं आणि ती वस्तू टोपलीत ठेवावी. पहिल्या शुक्रवारी तंबाखूच्या पुड्या पडल्या. एकानं पत्त्यांचा जोड ठेवला. बायका रडल्या. वेणूबाईंनाही ते आवडलं. दवाखान्यात तंबाखूनं सडलेले जबडे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

नंतर कधीतरी टोपलीत एक चष्मा पडला. मग मधुमेहाच्या गोळ्या. त्या बाईला वेणूबाईंनी दुसऱ्या दिवशी दटावून गोळ्या परत सुरू करायला लावल्या. ती ऐकणारी होती.

उत्कर्षा ऐकणारी नव्हती.

उत्कर्षा ही रामदासची एकुलती एक मुलगी. दवाखान्यात वेणूबाईंच्याच हातांत जन्मली. आई तिच्या लहानपणीच गेली. शाळेत असताना एका सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती ताठ होऊन कोसळली. फिट होती. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. जागरण करायचं नाही, वाहन चालवायचं नाही, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. वेणूबाईंनी ते सगळं रामदासच्या गळी उतरवलं. त्यानंतर फिट आली नाही. मुलगी शिकली. खराडीच्या एका कंपनीत फोनवर बोलायच्या कामाला लागली. रात्रपाळी असे. वेणूबाईंना ते पसंत नव्हतं. पण त्या म्हणत, गोळी आहे तोवर निभेल.

त्या शुक्रवारी उत्कर्षा उठली तेव्हा वेणूबाई मागच्या बाकावर होत्या. ती काय ठेवणार ते त्यांना कळायच्या आत तिनं ठेवलं. गोळ्यांची चंदेरी पट्टी. तंबाखूच्या पुड्यांवर ती चमकली. पाळकांनी डोळे मिटले. कीबोर्ड हळू वाजू लागला. लोकांनी हात वर केले. रामदासनंही केले.

वेणूबाई उभ्या राहिल्या. पण त्या वेळी सगळेच उभे होते. त्यांचं उभं राहणं कुणाला दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात रामदासनं मुलीला स्कूटी घेऊन दिली. देवाची उपकारस्तुती म्हणून. पाळकांनी गाडीवर हात ठेवून प्रार्थना केली. लोकांनी पेढे खाल्ले.

वेणूबाई एका सकाळी पाटोळ्यांच्या घरी गेल्या. उत्कर्षा पाळीवरून नुकतीच आली होती. डोळे लाल, पण चेहरा हसरा. "सिस्टरमावशी, बसा. माझ्या हातचा चहा घ्या."

तिनं कप उचलला. हाताला एक लहानसा हिसका बसला. कप उडाला आणि भिंतीशी जाऊन फुटला.

"हात अजून झोपलेत वाटतं माझे," ती हसली.

वेणूबाई हसल्या नाहीत. फिट येण्याआधी काही मुलांना सकाळी असे हिसके येतात. "गोळ्या सुरू कर, बाळ. आज. आत्ता."

"मावशी, मला काही होत नाहीये. तुम्हाला बरं वाटत नाही का त्याचं?"

"फुटलेला कप दिसत नाही का तुला?"

"कप फुटला. मी नाही." तिनं मान वळवली. "तुम्ही असं बघू नका ना माझ्याकडं. पास्टर म्हणतात, भीतीनं बघणाऱ्या माणसांपासून जरा लांब राहा."

रामदास खाली बसून काचा वेचत होता. त्यानं मान वर केली नाही.

सभेचा आणखी एक नियम होता. तक्रार करायची तर आधी त्या माणसाला एकट्यानं जाऊन भेटायचं. वेणूबाई पाळकांच्या घरी गेल्या.

"या सिस्टर, प्रेज द लॉर्ड. चहा घेणार?"

"सलाम. चहा नको. उत्कर्षाला गोळ्या सुरू करायला सांगा."

"मी बंद करायला कुठे सांगितल्या?" दिग्विजय शांतपणे म्हणाले. "आठवून सांगा. मी कधी म्हटलं, गोळ्या टाका?"

वेणूबाईंनी आठवलं. म्हटलं नव्हतं.

"मी फक्त प्रश्न विचारतो, सिस्टर. उत्तर ज्याचं त्याचं."

"मग आता उत्तर द्या. तुमचं ती ऐकते. डॉक्टरकडे जा, एवढंच म्हणा. तिला फिट येणार आहे. गाडीवर असताना आली तर?"

पाळकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हे शब्द तुमचे आहेत," ते म्हणाले. "मी असं बोलत नाही. शब्दांत ताकद असते. पोरीनं विश्वासानं पाऊल टाकलंय. सगळी मंडळी तिच्यासाठी चांगलं मागते आहे. एकट्या तुम्ही वाईट बोलताय. उद्या खरंच काही झालं, तर ते कशानं झालं असं लोक म्हणतील?"

या माणसानं दोन्ही दारं लावून घेतली होती. पोरगी ठीक राहिली तर त्याच्या प्रार्थनेनं. पडली तर वेणूबाईंच्या जिभेनं.

"चला, प्रार्थना करू," असं म्हणून त्यांनी वेणूबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. सिस्टरच्या मनातली भीती निघून जावी, असं मागितलं. हात हलका होता. वेणूबाईंना मान वर काढता येईना.

त्यानंतरच्या रविवारी त्यांच्या बाकावर कुणी बसलं नाही. दारात लोक उभे होते, पण त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. एका आईनं, त्या जवळून जाताना, पोराला पदराआड घेतलं. ते पोर गोवरात असताना वेणूबाई त्याच्या उशाशी बसल्या होत्या. उपासना संपल्यावर त्या कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सलाम म्हणाल्या. लोकांनी मान हलवली. चपला घातल्या.

अधिवेशन जवळ आलं. वेणूबाईंना दुसरा साक्षीदार हवा होता. टोपली, पट्टी, फुटलेला कप, हे सगळं पाहिलेला आणि अधिवेशनात बोलायचा हक्क असलेला माणूस एकच होता.

"माझ्याच पोरीबद्दल बोलू मी?" रामदास म्हणाला.

"तिच्याबद्दल नाही. पाळकांबद्दल."

"एकच हाय ते, सिस्टर. पोरगी खोटी ठरंल समद्यांपुढं."

"खोटी ठरेल. जिवंत राहील."

"असं बोलू नका."

"का? माझ्या बोलण्यानं होणार आहे का?"

रामदास ओट्यावर बसला. कारखाना बंद व्हायच्या आधी त्याला स्वेच्छेनं निवृत्ती घ्यायला लावली होती. त्या दिवशीही तो असाच बसला होता. खांदे पडलेले, हात गुडघ्यांत.

"रोज सकाळी ब्रश उडतो तिच्या हातातनं," तो म्हणाला. "मी बघतो. मी बघतोय हे ती बघती. मग आम्ही दोघं हसतो." तो थांबला. "सिस्टर, मला हसायची भीती वाटाया लागलीय."

"मग बोला."

"तिला लई आनंद झालाय हो. लहानपणापासनं तिला एकच वाटायचं, आपण इतरांसारखं का नाही. आता ती गाडी काढती, केस उडत्यात वाऱ्यावर. मी कुठल्या तोंडानं चावी काढून घेऊ?"

वेणूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रामदासनं डोळे पुसले.

"तुम्ही उठा आधी," तो म्हणाला. "तुमच्या मागनं मी उठतो."

अधिवेशन शहरातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये भरलं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे. मागच्या आवारात यजमान मंडळीच्या बायका मटणाच्या पातेल्यांशी उभ्या होत्या. वास आतपर्यंत येत होता. अध्यक्ष रेव्हरंड सर्जेराव शिरसाठ यांचं अर्धं लक्ष तिकडे होतं. भला माणूस. सभेत कुणी रुसू नये आणि जेवण गार होऊ नये, या दोन गोष्टी ते सांभाळत. निम्मी सभा एकमेकांची सोयरी होती. रुसवे परवडणारे नव्हते.

"सिस्टर, तुम्ही तक्रार देताय असं ऐकतो," ते दारातच म्हणाले. "निवृत्त झालात हे दवाखान्याला कळलं. तुम्हाला कधी कळणार?"

"पोरगी बरी झाली की कळेल."

"बरी झाली म्हणूनच तर तक्रार आहे ना तुमची?" ते हसले आणि पुढे गेले.

वेणूबाई आणि रामदास शेजारी बसले. रामदासनं दाढी केली होती. एक जागा कापली होती. तो सारखा तिथे बोट लावत होता.

गीत झालं. हजेरी झाली. मग अध्यक्ष म्हणाले की आज तक्रारींच्या आधी थोडा वेळ अनुभव ऐकू या, वाघोलीची तरुण मंडळी आली आहेत. बाजूच्या दारानं पोरं आत आली. कीबोर्डची तार जोडली गेली. पोरांमध्ये उत्कर्षा होती. पिवळा ड्रेस, नीट विंचरलेले केस.

रामदासचा हात गालावर थांबला. ती येणार आहे हे त्याला माहीत नव्हतं.

उत्कर्षानं माइक हातात घेतला. शाळेतल्या त्या सकाळी आपण कशा पडलो ते तिनं सांगितलं. पोरी आपल्याला कशा टाळत. लग्नाची बोलणी कशी मोडत. मग ती टोपलीबद्दल बोलली. दिवाळीच्या आधीपासून एकही गोळी घेतली नाही, आणि बघा, मी उभी आहे. स्वतः गाडी चालवत शहरात आले.

जुन्या दगडी चर्चमध्ये टाळ्या वाजवायची रीत नव्हती. तरी टाळ्या पडल्या. माइक हातात धरूनही तिचा उजवा अंगठा एकदा उडाला. वेणूबाईंनी पाहिलं. रामदासनंही पाहिलं.

"माझे पप्पा इथेच बसलेत," उत्कर्षा म्हणाली. "त्यांनी सगळं सोसलंय. पप्पा, उभे राहा ना."

माना वळल्या. दिग्विजय साळवे पुढच्या रांगेतून वळून हसले.

रामदास उभा राहिला.

"रामदासराव," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, "पोरगी सांगते ते खरं ना?"

पंखे फिरत होते. आता म्हणा, वेणूबाई मनात म्हणाल्या. आता तुम्हालाच विचारलंय.

रामदासनं मुलीकडे पाहिलं. ती मान थोडी कलती करून त्याच्याकडे बघत होती. तिला काही म्हणजे काही शंका नव्हती.

"खरं हाय," रामदास म्हणाला.

पुन्हा टाळ्या. तो खाली बसला. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

तक्रारींची वेळ आली तेव्हा वेणूबाई उठल्या. पाळकांचं नाव घेऊन त्यांनी मोजकं सांगितलं. टोपली, गोळ्या, सकाळचे हिसके. आवाज कापला नाही. वॉर्डात रात्रीचा अहवाल द्यावा तसं सांगितलं.

"दुसरा साक्षीदार?" अध्यक्षांनी विचारलं.

वेणूबाईंनी शेजारी पाहिलं. रामदास जमिनीकडे बघत होता.

"रामदास," त्या हळू म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. हो नव्हे, नाही नव्हे. नुसती हलवली.

"अध्यक्षसाहेब," वेणूबाई म्हणाल्या, "ते आत्ताच उभे राहिले होते. गोळ्या बंद आहेत हे बापलेकीनं तुम्हा सर्वांसमोर सांगितलं. मला आणखी काय सिद्ध करायचं आहे?"

"ती उपकारस्तुती झाली, सिस्टर. तक्रार नव्हे."

"गोष्ट तीच आहे."

"आमच्या कार्यक्रमात त्या दोन वेगळ्या ठिकाणी आहेत."

कुणीतरी हसलं. हसणं बाकांवरून सरकत मागे गेलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. साक्षीदार एकच, तक्रार ऐकता येत नाही, असं ते सौम्यपणे म्हणाले. मग पुढचा विषय घेतला. सगळ्या मंडळ्यांमधलं तरुणांचं काम बघायला एक माणूस नेमायचा होता. नाव सुचवलं गेलं, रेव्हरंड दिग्विजय साळवे. कुणाची हरकत आहे का? कुणाची नव्हती. शुक्रवारची टोपली आता प्रत्येक मंडळीत जाणार होती.

वेणूबाई उभ्याच होत्या. त्यांना बसायला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

जेवणाची पंगत बसली. वेणूबाई बाहेर आल्या. फाटकापाशी उत्कर्षा ओढणी डोक्याला गुंडाळत होती. वाघोलीला जाऊन तयार व्हायचं आणि मग पाळीला.

"जेवली नाहीस?"

"उशीर होईल, मावशी." ती जरा घुटमळली. "तुम्ही रागावलात?"

"रात्री झोपलीस का?"

"पाळी होती ना. मग इथे गाणं म्हणायचं होतं. आता काय, उद्याच झोपणार."

"चावी दे."

"मावशी, प्लीज. सगळे बघतायत."

रामदास पायऱ्यांवर येऊन उभा होता. हातात पत्रावळ तशीच. वेणूबाई त्याच्याकडे वळल्या.

"रामदास, तुम्ही मागा चावी. बाप आहात. इथे साक्षीदार लागत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो पाटोळे, रस्सा गार होतोय." तो वळला नाही आणि पुढेही आला नाही.

उत्कर्षानं गाडी सुरू केली.

वेणूबाईंनी साडीचा घोळ वर घेतला, पदर कमरेला खोचला आणि मागे बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच दुचाकीवर बसत होत्या. दोन्ही पाय एका बाजूला घेण्याऐवजी त्या पुरुषासारख्या दोन्हीकडे पाय टाकून बसल्या.

"हे काय, मावशी? तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर."

"मी ऑफिसला जाणार नंतर."

"मीही येईन. फाटकाबाहेर बसेन."

"आणि उद्या?"

"उद्याही."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत. आज सवय झाली."

उत्कर्षा खरंच हसली. "पडलात तर मला बोलू नका हं."

"मी पडले तर तू थांबशील," वेणूबाई म्हणाल्या. "तेवढं पुरे."

गाडी फाटकाबाहेर पडली. समोर ट्रक, टेंपो, कंपन्यांच्या बस, सगळं एकमेकांना खेटून नगर रोडच्या दिशेला चाललं होतं. उत्कर्षानं वेग घेतला. पिवळी ओढणी सुटून वेणूबाईंच्या तोंडावर येऊ लागली. त्यांनी ती दातांत धरली. दोन्ही हात पोरीच्या कमरेभोवती गुंफले. समोरचा रस्ता त्यांना दिसत नव्हता. त्या पोरीच्या हँडलवरच्या हातांकडे बघत राहिल्या.